मुलांचा खेळ जाणणाऱ्या ताराबाई मोडक

वाचकहो, शिक्षणसंस्थेची स्मरणिका हाती आली की आपण प्रथम काय पाहतो? शालान्त परीक्षेचा शेकडा निकाल, शिष्यवृत्ती मिळविलेल्या मुलामुलींची छायाचित्रे आणि नव्या वर्गखोल्यांसाठी मिळालेल्या देणग्यांची यादी. हे पाहणे योग्यच आहे. ज्या समाजाने शिक्षणाची वाट मोठ्या कष्टाने धरली, त्याला या आकड्यांचे मोल फार असते. परंतु शाळेच्या दिवसाचा एक भाग असा आहे की ज्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. तो भाग म्हणजे मधली सुट्टी. घंटा होते, मुले बाहेर धाव घेतात, डबा कसाबसा संपवतात आणि खेळू लागतात. तेवढा वेळ शिक्षण थांबले, असे आपण समजतो. ही समजूत खरी नाही, हे आपल्या सबंध आयुष्याच्या कामाने दाखवून देणारी एक थोर स्त्री आपल्या मुंबईतच जन्मली. पद्मभूषण ताराबाई मोडक हे त्यांचे नाव. जोगेश्वरी, मालाड, घाटकोपर, मुलुंड, कोणत्याही वस्तीत जा, अंगणवाडी हा शब्द प्रत्येक आईच्या तोंडी आढळेल. हा शब्द ज्यांच्या कामातून रूढ झाला त्या बाईंचे चरित्र मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून हा अल्प परिचय आपणांपुढे ठेवीत आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते असल्याने घरातील वातावरण सुधारकी होते. मुलींना प्राथमिक शाळेत धाडणेही अनेक घरांत नको वाटत होते, त्या काळात या घरातील मुलगी कॉलेजात गेली आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाची बी. ए. झाली. पुढच्याच वर्षी त्यांचा विवाह कृष्णाजी मोडक या वकिलांशी झाला आणि त्या अमरावतीस राहावयास गेल्या. हा संसार दीर्घकाळ टिकला नाही. पदरात लहान मुलगी घेऊन त्यांना स्वतःच्या पायावर उभे राहावे लागले. राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयात त्यांना प्राचार्यपद मिळाले. मान होता, पगार चांगला होता. दुसरे कोणी असते तर तेथेच स्थिरावले असते.

पण त्याच सुमारास जवळच्या भावनगर शहरात एक निराळाच प्रयोग चालू असल्याचे त्यांच्या कानी आले. गिजुभाई बधेका नावाचे एक वकील वकिली सोडून मास्तर झाले होते आणि दक्षिणामूर्ती या संस्थेत त्यांनी १९२० साली लहान मुलांसाठी बालमंदिर उघडले होते. त्या बालमंदिरात छडी नव्हती, शिक्षा नव्हती आणि बक्षिसाचे आमिषही नव्हते. मुले आपल्या आवडीने काम निवडीत, गात, गोष्टी ऐकत, बागेत हिंडत, मातीत खेळत. ताराबाईंनी राजकोटची नोकरी सोडली आणि १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. आपल्या मुलीलाही अशाच वातावरणात शिक्षण मिळावे ही आईची इच्छा त्यामागे होती. पुढे १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षणपत्रिका या मासिकातून पालकांना आणि शिक्षकांना बालशिक्षणाचा विचार समजावून सांगण्याचे काम ताराबाईंनी गुजरातीत आणि नंतर मराठीतही केले.

येथे क्षणभर थांबून आपण एक गोष्ट समजून घेऊ. खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे क्रिकेटचा सामना किंवा वार्षिक क्रीडामहोत्सव येतो. तेथे नियम मोठ्यांचे, पंच मोठा आणि शिट्टीही मोठ्याच्या हाती. हे खेळ चांगलेच आहेत. पण मुलाचा खरा मोकळा खेळ वेगळा असतो. चार मुले एकत्र जमतात, लगोरी खेळावी की लपंडाव यावर भांडतात, गडी वाटून घेतात, एखाद्या लहानग्याला कच्चा लिंबू म्हणून सामावून घेतात, कोणी रडीचा डाव खेळला तर त्याला समज देतात आणि डाव पुन्हा मांडतात. या पंधरा मिनिटांत किती गोष्टी झाल्या ते पाहा. बोलणे झाले, ऐकणे झाले, नियम करणे आणि पाळणे झाले, हरणे सोसणे झाले. हात, पाय आणि डोळे यांचा मेळ बसला. भातुकली मांडणारी मुलगी मोजते, वाटते, क्रम लावते, आणि घरात पाहिलेले सारे जग आपल्या परीने पुन्हा जुळवून पाहते. हे सर्व शिकविण्यासाठी तास लावायचे ठरविले तर कोणते वेळापत्रक पुरेल?

युरोपात जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी १८३७ साली आणि इटलीतील डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली लहान मुलांच्या शाळांचा नवा पाया घातला. फ्रोबेल यांचा भर खेळावर होता. मॉन्टेसरीबाईंनी मुलांच्या हाती विशेष बनविलेली साधने दिली आणि निवडीचे स्वातंत्र्य दिले. पण वाचकहो, हा विचार केवळ पाश्चात्त्यांकडून आला असे मानण्याचे कारण नाही. इमाम गझाली (१०५८ ते ११११) यांनी आपल्या इह्या उलूमुद्दीन या प्रसिद्ध ग्रंथात मुलांच्या संगोपनाचा विचार करताना मकतबातून परतलेल्या मुलाला चांगला खेळ खेळू द्यावा असे सांगितले आहे. खेळाने त्याचा शीण जातो, आणि खेळ तोडून सतत अभ्यासाला जुंपले तर त्याचे मन मरगळते, बुद्धी बोथट होते आणि तो अभ्यासातून सुटण्याच्या वाटा शोधू लागतो, असा त्यांचा आशय आहे. आणि नमाजात सजद्यात असताना नातू पाठीवर चढून बसला म्हणून पैगंबरसाहेबांनी सजदा लांबविला, ही हकीकत तर आपल्या घराघरांत सांगितली जाते. मुलाचा खेळ मोडू नये, ही शिकवण आपल्याला परकी नाही.

आता पुन्हा ताराबाईंकडे वळू. भावनगर सोडून त्या मुंबईस परतल्या आणि १९३६ साली दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले. मराठी मुलांसाठी बालमंदिर आणि त्याबरोबर शिक्षिकांचे प्रशिक्षण असे हे काम होते. शहरातील सुशिक्षित पालकांनी त्याचे स्वागत केले. तरीही ताराबाईंचे समाधान झाले नाही. ज्या पद्धतीला मोठी इमारत, गुळगुळीत लाकडी साधने आणि फी भरणारे पालक लागतात, ती पद्धत गरिबाच्या मुलापर्यंत कशी पोहोचणार, हा प्रश्न त्यांना सतावीत राहिला. त्यापूर्वी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी पायाभूत शिक्षणाची कल्पना मांडली होती. तिची योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन होते. पुढे १९६७ साली राष्ट्रपती झालेले हेच ते थोर शिक्षक. पण ती योजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती. सात वर्षांच्या आतील खेड्यातल्या मुलांचे काय? ते काम ताराबाईंनी अंगावर घेतले. तेव्हा त्यांचे वय ५३ वर्षांचे होते.

२४ डिसेंबर १९४५ रोजी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. बोर्डी हे डहाणू तालुक्यातील समुद्रकाठचे गाव, त्या वेळी ठाणे जिल्ह्यात आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. पश्चिम रेल्वेने बोरिवलीहून गुजरातच्या दिशेने निघाले की डहाणू रोडनंतरचे घोलवड स्टेशन येते, तेथून हे गाव जवळ आहे. या कामात ताराबाईंना अनुताई वाघ यांच्यासारखी निष्ठावान सहकारी लाभली. अनुताई बालविधवा होत्या, कष्टाने शिकून शिक्षिका झालेल्या होत्या, आणि बोर्डीला आल्या त्या त्याच कामाच्या होऊन राहिल्या.

बालवाडी उघडली, पण अडचण लगेच पुढे आली. गावातील सुस्थितीतील घरांची मुले येत. दलित वस्तीतील आणि झोपड्यांतील मुले काही येईनात. आईबाप पहाटेच मजुरीस जात. मुलांना न्हाऊमाखू कोण घालणार आणि बालवाडीत कोण पोहोचविणार? तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही आणि आईबापांनाही नाही. त्या आणि त्यांच्या शिक्षिका स्वतः वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून घ्यायचे, मुलांना गोळा करायचे, त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, आणि मग तेथेच गाणी, गोष्टी व खेळ सुरू करायचे. मुले जेथे रोज खेळत होती तेथेच बालवाडी गेली. ती अंगणात भरे म्हणून अंगणवाडी झाली.

साधनांचा प्रश्न त्यांनी असाच सोडविला. समुद्रकाठी शिंपले होते, ओढ्यात रंगीत गोटे होते, झाडांखाली बिया आणि पाने होती, माती तर सर्वत्र होती. मोजणे, लहानमोठे ओळखणे, रंग लावणे, नक्षी मांडणे हे सारे याच वस्तूंनी होऊ लागले. मॉन्टेसरीबाईंचे तत्त्व त्यांनी घेतले, पण विलायती साधनांच्या किमतीत ते अडकू दिले नाही. त्यांच्या बालवाडीत सर्वच वेळ मुले मनाला येईल तसे हुंदडत असत, असे मात्र कोणी समजू नये. स्वच्छता होती, ठरलेले उपक्रम होते, शिक्षिकेची नजर होती. त्याबरोबर मुलाला स्वतः निवडण्याची आणि आपल्या गतीने करण्याची मोकळीक होती. शिस्त आणि मोकळीक एकत्र नांदू शकतात, हे तेथे रोज दिसे.

१९५७ साली हे केंद्र जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. येथे बहुसंख्य वस्ती वारली आदिवासींची होती. वेठबिगारीने पिचलेल्या या वारल्यांनी जमीनदारांविरुद्ध १९४५ साली मोठा लढा दिला होता. अशा समाजात शाळा ही परक्यांची वस्तू वाटावी यात नवल नाही. मुले शाळेत का येत नाहीत हे पाहता दोन कारणे समोर आली. मुलगे गुरे घेऊन रानात जात, आणि मुली धाकट्या भावंडांना सांभाळीत घरी राहत.

या दोन्हींवर ताराबाईंनी जे उपाय केले ते आजही प्रत्येक शिक्षकाने अभ्यासण्यासारखे आहेत. गुरांमागे गेलेली मुले शाळेत येत नाहीत, तर शिक्षक कुरणावर जाईल. गुरे चरत असताना झाडाखाली खेळ, गोष्टी, गाणी आणि त्यातूनच अक्षरे व अंक. हीच कुरणशाळा. आणि मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. कडेवरचे भावंड पाळण्यात, मधले बालवाडीत आणि मोठी बहीण वर्गात. या एकत्रित रचनेला त्यांनी विकासवाडी हे नाव दिले. कडेवरचा भार उतरल्यावर त्या मुलीला शिकता आले, आणि खेळताही आले. बालपणी आई व्हावे लागलेल्या मुलीला तिचे बालपण काही घटका परत मिळाले, हे त्या पाळणाघराचे मोठेपण आहे.

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण किताब देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८१व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, ते काम वाहिले. ताराबाईंच्या पश्चात दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. बोर्डीच्या वस्तीतील एका अंगणातून निघालेला शब्द असा देशभर गेला.

वाचकहो, चरित्र येथे संपते, पण ते आपल्याला काय सांगते हे पाहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्या उपनगरांतील शाळांची स्थिती आपण जाणतोच. जागा अपुरी, एकाच इमारतीत सकाळचे व दुपारचे अशी दोन अधिवेशने, पटांगण असलेच तर त्याचा निम्मा भाग वाहनांनी व्यापलेला. मुलाच्या घरी तरी मोकळी जागा कोठे आहे? चाळीच्या गल्लीत रिक्षा व मोटारसायकली उभ्या, इमारतीच्या आवारात चेंडू खेळण्यास मनाई अशी पाटी. शाळा सुटली की शिकवणी, शिकवणी सुटली की अरबी, आणि मग झोप. अशा कितीतरी मुलांच्या दिवसात सोबत्यांबरोबर मोकळे खेळण्याची एकच वेळ उरते, ती म्हणजे मधली सुट्टी. आणि आपण काय करतो? गृहपाठ अपुरा राहिला, बस वर्गात. गोंगाट केला, सुट्टी बंद. परीक्षा जवळ आली, खेळाचा तास गणिताला द्या.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली असे मत जाहीर केले की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी म्हणून मुलांची मधली सुट्टी काढून घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी साठ मिनिटे तरी चांगला शारीरिक व्यायाम घडावा असे सांगते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ सालच्या बालहक्क करारात विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क मानलेला आहे, आणि १९९२ साली भारताने तो करार स्वीकारला. आपल्या देशाच्या २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य असावे असे निकष घातले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नसल्याचा निर्णय दिला. संस्थेच्या हक्काच्या दृष्टीने त्या निर्णयाचे महत्त्व असेल. परंतु आपल्या शाळेतील मुलाचे शरीर आणि मन काही इतर मुलांहून वेगळे नाही. जे त्याच्या वाढीला हवे ते कायद्याने बांधले नाही तरी आपण दिले पाहिजे.

पालक विचारतील, आम्ही पोटाला चिमटा घेऊन फी भरतो ती मुलाने खेळावे म्हणून काय? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्या बापाची कळकळ खरी आहे. त्याला उत्तर एवढेच की सलग तीन तास बाकावर बसलेले मूल चौथ्या तासाला शिक्षकाकडे पाहते पण ऐकत नाही, हे कोणताही शिक्षक सांगेल. वीस मिनिटे मोकळी धावपळ करून आलेला वर्ग स्थिरावायला पाच मिनिटे घेतो, पण मग लक्ष देतो. खेळाने अभ्यासाचा वेळ जातो असे वाटते, प्रत्यक्षात तो अभ्यासाला उपयोगी पडतो.

मुलींविषयी एक शब्द अधिक लिहिणे जरूर आहे. पाचवी-सहावीपासून अनेक मुली मधल्या सुट्टीत भिंतीशी उभ्या राहतात आणि पटांगण मुलग्यांचे होते. घरी गेल्यावर भांडी, पाणी आणि धाकटी भावंडे वाट पाहत असतात. कोसबाडची ती भावंड सांभाळणारी मुलगी आपल्या वस्तीतही आहे. तिला लंगडी, खो-खो, दोरीच्या उड्या यांसाठी पटांगणाचा एक भाग किंवा आठवड्याचे काही दिवस राखून ठेवले, तर त्याला पैसा लागत नाही. एखाद्या बाईंनी जवळ उभे राहिले म्हणजे पुरे.

मैदान नाही ही सबब ताराबाईंना सर्वांत आधी सांगता आली असती. त्यांच्याजवळ बोर्डीच्या वस्तीत ना इमारत होती ना साधने. होते ते एक अंगण, मूठभर शिंपले, आणि मुलाचा वेळ मुलाला देण्याची तयारी. आपल्याजवळ गच्ची असेल, लांब व्हरांडा असेल, जवळ महापालिकेचे मैदान असेल. इयत्तांच्या सुट्टीच्या वेळा थोड्या पुढेमागे केल्या तर लहानशा आवारातही पहिली-दुसरीच्या मुलांना मोठ्यांच्या धक्क्याविना खेळता येईल. पटांगणातील गाड्या शाळेच्या वेळात बाहेर ठेवता येतील. शिक्षा म्हणून सुट्टी काढून घेणार नाही, असा एक ठराव शिक्षक-पालक सभेत करता येईल. यांतील एकही गोष्ट देणगीसाठी अडून राहणारी नाही.

म्हणून संस्थेचे पदाधिकारी, शिक्षकबंधुभगिनी आणि पालक यांना नम्र विनंती आहे. पुढील वर्षीच्या अहवालात निकालाच्या आकड्यांखाली एक ओळ वाढवू या. आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला दररोज किती मिनिटे मोकळे खेळावयास मिळाले, एवढेच त्या ओळीत लिहू या. ताराबाई मोडक यांचे स्मरण करण्याचा याहून उचित मार्ग शिक्षणसंस्थेपुढे दुसरा नसेल.